तांब्याचा पैसा आणि चार फुटांची टाकी

जुनी वस्तू घरात आली की तुम्ही तिला धुता, की ओवाळता? आमच्या घरात दोन्ही झालं, आणि त्यात गोगलगायी मेल्या.

माझ्याकडे दोन फुटांच्या काचेच्या टाकीत समुद्र आहे. आदिलाबादेत समुद्र म्हटलं की लोक हसतात, हसोत. मीठ मोजून खारं पाणी मी घरीच करते. त्यात दोन जोकर मासे, थोड्या समुद्री गोगलगायी आणि मऊ प्रवाळाचा एक गड्डा. हा प्रवाळ समुद्रातून ओरबाडलेला नाही, टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचा तुकडा आहे. ओरबाडलेला मी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नसता. तो वाढत वाढत काचेला टेकला आणि त्या बाजूने कुजायला लागला. मोठी टाकी लवकर लागणार होती.

उटनूरहून बदली होऊन निघालेल्या एका कर्मचाऱ्याकडे चार फुटांची मिळाली. वाकळीत गुंडाळून आणली. काचेवर क्षारांचा पांढरा थर, एक सांधा गळका. आमच्याकडेच राहणारी माझी आत्या पदर खोचून बसली आणि दोन दिवस लिंबाच्या फोडींनी काच घासत राहिली. मी पात्याने सांध्यांतला जुना सिलिकॉन खरवडला.

नवा आणायला गेले तर दुकानदार म्हणे, "बाथरूमवाला ले जाओ मॅडम, फंगस नहीं आएगा." त्यातलं बुरशीचं औषध प्रवाळालाही मारतं, हे मी त्याला उभ्या उभ्या समजावलं. वडील त्यांच्या संघटनेची प्रचारपत्रकं घरी आणायचे, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. आता प्रवाळ वाचवायची पत्रकं मीच मोहल्ल्यात वाटते; समजावल्याशिवाय मला राहवत नाही. त्याने साधा सिलिकॉन काढून दिला, बहुधा माझ्यापासून सुटका व्हावी म्हणून.

सांधा वाळला. गच्चीवर पाणी भरून गळती पाहिली. मग बैठकीत टाकी मांडली, वाळू, दगड, खारं पाणी घातलं आणि पाण्यात उपयोगी जिवाणू वाढून ते मुरायला तीन आठवडे दिले. आधी गोगलगायी सोडल्या. सकाळी सगळ्या उलट्या पडलेल्या.

मी त्या कर्मचाऱ्याला फोन लावला. "टाकीत माशांच्या रोगावरचं तांब्याचं औषध वापरलं होतं, ते तुम्ही लपवलंत."

"ताई, माझे साधे गोल्डफिश होते. औषध कधी आणलंच नाही."

त्याला प्रामाणिकपणावर चार वाक्यं ऐकवून मी फोन ठेवला आणि टाकी उपसायला घेतली. मागच्या दगडाखाली, वाळूत, देवघरातला तांब्याचा जुना पैसा निघाला. हिरवा पडलेला.

"मीच टाकला," आत्या म्हणाली. "पाणी भरलं ना, त्या शुक्रवारी. हळदकुंकू लावलं अन् टाकला. कलशात टाकतेत, मंग इतक्या पाण्यात काऊन नाई टाकाचा?"

"आत्या, तांब्यानं गोगलगायी मरतेत. प्रवाळबी मेला असता."

"मले काय मालूम? काच घासाले मी, वाकळ धुवाले मी. दुकानदाराले सांगतलं, मोहल्ल्याले कागद वाटून राह्यली. म्या विचारलं हे पाणी कायचं, त का म्हणली?"

मी हातातला पैसा पालथा केला.

"म्हणली, तुले नाई समजाचं."

म्हणाले होते मी. अगदी ह्याच शब्दांत.

वाळू आणि दगड टाकून द्यावे लागले. सांध्यांत तांबं मुरलं असेल या भीतीने सिलिकॉनही पुन्हा खरवडला. आत्याने एक बाजू घेतली, आणि या वेळी हात चालवता चालवता मी तिला सगळं सांगितलं. तिने इतके प्रश्न विचारले की मलाच दोन ठिकाणी थांबून वाचावं लागलं. त्या कर्मचाऱ्याची माफी मागितली. तो "बरं" एवढंच म्हणाला, आणि तेवढंच मला मिळायला हवं होतं. प्रवाळाची कुजलेली कड कापली आहे, उरलेला अजून जिवंत आहे. पण तीन आठवडे त्याला पुन्हा दोन फुटांच्या टाकीतल्या त्याच अडचणीत काढायचे आहेत, आणि निभेल की नाही हे मला ठाऊक नाही.

तुमच्या घरात अशी टाकी असेल, तर आज जेवणाआधी घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला तिच्यासमोर बसवा. आत काय जगतं, कशाने मरतं आणि का, ते सांगा. त्यांचे प्रश्न संपेपर्यंत उठू नका.