डोंग्यात निजवणारे मोठेबाबा

मोठेबाबांच्या डोंग्यात बसून कुणी पलीकडे गेलं नाही. अर्ध्या पाण्यापर्यंत बसायचं आणि मग निजायचं, हा त्यांचा कायदा. सरपंच असो की नवी नवरी, डोंगा विजेच्या तारेखाली आला की ते म्हणत, "निजा." डोंगा रेटायचा उंच बांबू ते आडवा घालत, स्वतः पार वाकून बसत आणि एका फळीने पाणी मागे सारत. इस्त्रीचे कपडे घालून आलेले ग्रामसेवकसुद्धा ओल्या लाकडावर आभाळाकडे बघत पडलेले मी पाहिले आहेत.

आमचं गाव म्हणजे धरणाच्या पाण्यात उरलेली टेकडी. थोडी घरं, थोड्या धानाच्या बांध्या, एक चक्की. लाइन येते ती पाण्यातल्या खांबांवरून. उन्हाळ्यात तार उंच दिसते. पावसाळ्यात तार असते तिथेच असते, पाणी वर येतं. पोळ्याच्या सुमारास धरण भरलं की डोंग्यात उभ्या असलेल्या माणसाचा ओला बांबू तारेला सहज पोचतो.

लाइनचा काही नेम नव्हता. ती गेली की नळ गेला, मोबाईल गेला, दळण अर्ध्यावर राहिलं. त्यामुळे घरोघरी पाण्याचे गुंड-हंडे भरलेले असत, आणि भेटल्यावर तब्येतीच्या आधी दळणाची चौकशी होई. चक्कीवाला तर खटका बंदच करत नसे. लाइन आली की चक्की आपली आपण घरघरू लागे, त्यावरून साऱ्या गावाला कळे. लाइन गेली की लोक शिव्या देत घरी बसत, मोठेबाबा मात्र उठून घाटावर जात. तार मेली असं समजून कुणी उभ्याने डोंगा हाकेल, ही त्यांची धास्ती. "लाइन जाते तेव्हा भेव नाही," ते म्हणत, "येते तेव्हा भेव आहे. सांगून येते का ते?"

आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. खेळता खेळता कुणी 'निजा' म्हटलं की सगळे धुळीत लोळायचे. आई तेवढी हसत नसे. मी दोन वर्षांची असताना बाबा डोंग्यातच वारले, एवढंच मला ठाऊक होतं. मोठेबाबा त्यांचे थोरले भाऊ. त्यांनीच मला वाढवलं, शिकवलं, आणि केस मोकळे सोडले म्हणून रागावलेसुद्धा.

बारावीनंतर मी गोंदियाला शिकायला निघाले, तेव्हा डोंगा लागल्यावरही ते उतरले नाहीत. घाटावरच्या एका रिकाम्या खांबाकडे बघत राहिले.

"त्या खांबावर मीच बल्ब लावलो होतो," ते म्हणाले. "साऱ्या गावाले सांगतलो, बल्ब बुजला का तार मेली, मंग खुशाल उभ्यानं या. तुझा बाप माझ्या भरवशावर उभा राहिला. लाइन गेलीच नव्हती, बाई. बल्ब उडला होता."

मला राग आला. तो पुढे दोन वर्षं पुरला. गोंदियाच्या खोलीत मी त्यांचा फोन उचलत नसे. ते आईकडून निरोप धाडत, "येशील त निजून ये." शेवटी एका पोळ्याला मी गेले. ते थकले होते, पण 'निजा' म्हणतानाचा आवाज तोच होता. मी निजले. काठावर उतरल्यावर त्यांनी माझ्या केसांत अडकलेली काडी काढली, आणि माझा राग तिथेच संपला.

यंदा भाद्रपदात मोठेबाबा गेले. खाटेवर, घरच्या माणसांत गेले, याचं मला केवढं बरं वाटलं.

तेरवीला निघाले तेव्हा धरण काठोकाठ भरलं होतं. डोंगा मुरलीचा. मोठेबाबांच्याच हाताखाली शिकलेला, दोन लेकरांचा बाप. तार जवळ आली तरी तो बांबू घेऊन उभाच होता. मी वर बघितलं, तर हसून म्हणाला की लाइन सकाळपासूनच नाही, चक्की बंद पडून आहे.

"आता कायले निजता, ताई," तो म्हणाला. "म्हातारा गेला ना."

मला त्या रिकाम्या खांबावरचा बल्ब दिसला. तो मी कधी पाहिलेलाही नाही.

"बांबू खाली घाल," मी म्हटलं. "निज."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मुरली कुरकुरला, पण त्याने बांबू आडवा घातला आणि फळी घेऊन वाकला. मी ओल्या तळाशी पाठ टेकली. तार माझ्या कपाळावरून हळूहळू सरकू लागली, इतकी जवळ की तिचे पीळ दिसत होते.

तेवढ्यात टापूवरची चक्की घरघरू लागली.

मुरलीचा हात थांबला. मग तो फळीने, अगदी सावकाश, पाणी मागे सारू लागला. तार केव्हाच मागे पडली, तरी काठ लागेपर्यंत तो उभा राहिला नाही.