ठरलेल्या खुणा

वस्तीत त्याला सगळे बाटलीशेठ म्हणत. नवख्या माणसाचा हमखास गैरसमज व्हायचा, आणि तो झाला की जुनी मंडळी खूश व्हायची. खरं तर या गृहस्थाने जन्मात दारूच्या थेंबाला बोट लावलं नव्हतं. तो पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फिटर होता आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या धक्क्यापाशी बुडी मारून गाळातल्या बाटल्या काढायचा. कधीकाळी तिथे जहाजं लागत. खलाशी रिकाम्या बाटल्या, फुटक्या बश्या, मोडक्या चिलमी खुशाल पाण्यात भिरकावत. त्यांनी टाकायचं आणि शंभर वर्षांनी याने उचलून घरी आणायचं, असा हा उद्योग.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाण्यातून काढलेली जुनी काच एकदम सुकू दिली तर तिचे पापुद्रे सुटतात. म्हणून बाटल्या आधी बादल्यांत भिजत ठेवायच्या आणि पाणी बदलत राहायचं. अंघोळीला जाणाऱ्याने त्या बादल्या ओलांडत जायचं आणि चुकून त्यातलं पाणी अंगावर घ्यायचं नाही. बायको नाक मुरडायची, तोंडाचा पट्टा सोडायची, आणि पाणीही तीच बदलायची.

दोरीही तीच धरायची. धक्क्यापाशी चार पुरुष खोल पाणी, पण गढूळ असं की डोळ्यांपुढे धरलेला हात दिसू नये. त्यामुळे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन, कमरेला दोरी बांधून उतरायचं आणि वर होडीत बसलेल्या माणसाने दुसरं टोक हातात ठेवायचं. खुणा ठरलेल्या होत्या. वरून एक झटका म्हणजे ‘ठीक ना?’ खालून एक म्हणजे ‘ठीक.’ वरून दोन म्हणजे ‘वर ये.’ बाईसाहेब मात्र मधूनच दोरी नुसती बारीक हलवायच्या, चुळबुळ केल्यासारखी. या खुणेला काही अर्थच नव्हता. तो हातातलं काम टाकून धडपडत वर यायचा.

“काय झालं?”

“काही नाही, सहज.”

“सहज? दोरी काय खेळायला दिलीय? ठरल्यात तेवढ्याच खुणा करायच्या!”

“बरं,” ती म्हणायची, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्यांच्या संसारातली निम्मी भांडणं त्या होडीत झाली.

हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोक म्हणाले, माणूस आहे की दगड! बायकोचा धाकटा भाऊ तेवढा जीव तोडून सांगायचा, “भाऊजी, एकदा रडून घ्या. मोकळं वाटेल.” त्याने प्रयत्नही करून पाहिला. न्हाणीघराचं दार लावून बादल्यांच्या मधोमध उभा राहिला. काही येईना. मग आलोच आहोत तर म्हणून बाटल्यांचं पाणी बदललं आणि बाहेर आला.

त्याला दुःख होत नव्हतं. भूकही लागत नव्हती, वेळ झाली की तो जेवायचा. थंड पाण्यातून वर आल्यावर बोटं कशी आपली असून आपली वाटत नाहीत, तसा तो सबंधच झाला होता. गाळात बसलं की त्यातल्या त्यात बरं वाटायचं. आता दोरी मेहुणा धरायचा, अगदी नियमाने. पण दर बुडीला बाटलीशेठचा तळातला मुक्काम वाढत चालला. हवेचा काटा मास्कजवळ नेऊन बघावा लागतो, तो बघेनासा झाला. वरून झटका आला की ‘ठीक’ हे उत्तर त्याचा हात परस्पर देऊन टाकायचा. एकदा तो जवळजवळ रिकामा सिलिंडर घेऊन वर आला. मेहुण्याने त्याला न सांगता भाचीला, म्हणजे बाटलीशेठच्या मुलीला, कळवलं.

मुलगी सासरहून आली ती हेच म्हणत, “या रविवारी दोरी मी धरणार.”

“खुणा माहीत आहेत का?”

“न कळायला काय झालं? लहानपणापासून तुमची भांडणं ऐकतेय.” मग होडीत त्याच्या कमरेची गाठ आवळताना तिने विचारलं, “बाबा, वर याल ना?”

“जातोय कुठे!” तो म्हणाला आणि पाण्यात उतरला.

तळाशी गाळ चाचपताना एक बाटली हाती लागली. त्याने अंगठा तिच्या शिवणीवरून वर नेला. साच्याची ही शिवण पार ओठापर्यंत गेली असेल तर यंत्राचा माल, मानेपाशी संपली तर तोंड हाताने केलेलं, म्हणजे जुनं. शिवण मानेपाशी संपली. पूर्वी असं झालं की बायकोला कधी दाखवतो असं त्याला व्हायचं. बाटली मांडीवर घेऊन तो बसून राहिला.

वरून झटका आला. हाताने उत्तर दिलं, ठीक.

श्वास ओढून घ्यावा लागू लागला. हवा संपत आलीय हे कळत होतं, भीती मात्र वाटत नव्हती. वर जायला हवं हे त्याला माहीत होतं. का जायचं, ते काही केल्या आठवेना. पुन्हा झटका आला. ठीक.

मग दोरी बारीक हलली, चुळबुळ केल्यासारखी. थांबली. परत हलली.

या खुणेला उत्तरच ठरलेलं नव्हतं. हाताला काय करावं सुचेना. आणि बाटलीशेठला राग आला. इतक्या महिन्यांत काहीच आलं नव्हतं, तो राग मात्र थेट पोटातून उसळून आला. मांडीवरची बाटली तिथेच टाकून तो दोरी धरून वर निघाला.

“काय झालं?” तोंडातली नळी काढत तो खेकसला.

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोरी तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

“काही नाही,” ती म्हणाली. “सहज.”

“ठरल्यात तेवढ्याच...” त्याने सुरुवात केली, पण पुढचं काही येईना. बायको आता नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

मुलीने त्याला ओढून होडीत घेतलं आणि वल्ही मारायला लागली. किनारा आला, होडी बांधून झाली, तरी त्याने मास्क काढला नव्हता.

“बाबा, काढा ना आता तो.”

“थांब जरा,” तो म्हणाला. “आत पाणी आहे.”