टिंबाच्या आधी आकडा

मुलगी लग्नानंतर परदेशी गेली. जाण्याआधी जावयांनी त्यांचा जुना कॉम्प्युटर आमच्याकडे ठेवला. त्यात विंडोजऐवजी लिनक्स होतं. त्याला व्हायरस लागत नाही म्हणाले.

तिला बाळ झालं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ते पडद्यावर दिसायचं. दिसतं ते ठेवून कसं घ्यायचं, हे मुलीनं फोनवर सांगितलं. ऑल्ट आणि एफ-टू एकदम दाबायचं, एक पट्टी उघडते, तिच्यात इंग्रजी ओळ लिहायची, एंटर मारायचं. पडद्याचा फोटो निघतो. ती ओळ मी एकेक अक्षर विचारत वहीत उतरवली. माझी शाळा चौथीत सुटली. इंग्रजी अक्षरं मी मुलीच्या पुस्तकावरून गिरवलेली.

"आई, ओळीच्या शेवटी फोटोचं नाव हाय, त्याला दर वेळी नवा आकडा लाव," ती म्हणाली होती. त्या नावात मध्येच एक टिंब होतं. आकडा टिंबाच्या आधी की नंतर, मला कळलं नाही. विचारायची लाज वाटली. मग मी वहीतली ओळ आहे तशीच लिहीत राहिले.

हे मागून म्हणायचे, "चौथी पास बाई मशीन चालवतीया! कलेक्टर व्हतीस आता!"

बाळानं जांभई दिली, मी फोटो काढला. आईची वेणी तोंडात घातली, काढला. पहिला दात दिसला, काढला.

सहाव्या महिन्यात तापाचं निमित्त होऊन बाळ गेलं. मी त्याला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं.

महिन्याभरानं मुलीचा फोन आला. "आई, मला बघवंना म्हणून मी सगळे फोटो पुसून टाकले. तुझ्याकडं हायत न्हवं?"

"हायत की. सगळे हायत."

शेजारची मुलगी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. फोटो पाठवायला तिला बोलावलं. तिनं बराच वेळ शोधलं.

"काकू, एकच हाय."

"नीट बघ गं."

"नाव एकच दिलंय तुम्ही. नवा काढला की जुना पुसतोय. आकडा टिंबाच्या आधी लावायचा."

राहिलेला फोटो शेवटच्या रविवारचा. नेमकी माझी मुलगी बाळाला घेऊन काही उचलायला वाकली होती. बाळाची लोकरीची टोपी दिसते आणि एक कान.

"ह्योच पाठवू?"

मी नको म्हटलं.

परवा पुन्हा फोन आला. "पाठवलंस का गं?"

"शेजारची गावाला गेलीया."

"बरं. थांबते मी," ती म्हणाली.