अंगठ्यावरचा तास

अंबडच्या बसस्टँडसमोरच्या त्या तिकीटवाल्याला मी एकदाच भेटलो. माझी मुलगी पाच वर्षांनी अमेरिकेहून मुंबईला उतरणार होती. तिथून पुढं संभाजीनगरचं विमान हवं होतं. मी दोन तासांनंतरचं दाखवलं.

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक बोट मुडपत तास मोजले. "पासपोर्टची रांग, सामान, दुसऱ्या टर्मिनलला जाणं, मंग पुन्हा चेक-इन." अंगठा तेवढा उरला. त्यावर बोट टेकवून त्यानं विचारलं, "मुंबईला भेटायला कोण जाऊन राह्यलं?"

"कोणीच नाही. ती घरीच येतेय ना!"

"सर, समदे असंच म्हणतात. मंग गाडी करून जातात, अन् गेटावर रडण्यात विमान निघून जातं."

त्यानं पाच तासांनंतरचं तिकीट काढलं. उगाच खोळंबा, म्हणून मी रस्ताभर चरफडलो.

ठरल्या दिवशी मुंबईच्या विमानतळाबाहेर मी धपाट्यांचा डबा घेऊन उभा होतो. मुलगी रांगांतून थकून बाहेर आली, मला बघून थबकली आणि गळ्यात पडली. रडू ओसरल्यावर तिनं घाबरून विचारलं, "बाबा, पुढचं विमान? वेळ आहे ना?"

"आहे," मी म्हणालो आणि नकळत अंगठ्यावर बोट टेकवलं.