खणलेल्या मातीचे जोते

डॉ. बिजनबिहारी सरखेल यांची आणि आमची ओळख आडनावामुळे झाली. जपानातल्या ओजिमाच्या आमच्या वसाहतीत गणपती बसत असे आणि आरतीला कोण येणार हे फोन करून विचारण्याचे काम माझे पती श्रीकांत यांच्याकडे होते. जवळच्या इचिकावात कुणी सरखेल नावाचे पुरातत्त्वाचे निवृत्त प्राध्यापक राहतात, असे त्यांना समजले. "सरखेल म्हणजे आरमारवाले. कोकणातलेच असणार," असे म्हणून ह्यांनी मोठ्या उत्साहाने फोन लावला.

"नमस्कार सरखेलसाहेब. मूळ गाव अलिबागकडचं का आपलं?"

"नाही जी. आमच्याकडे आरमार-बिरमार काही नाही, नुसता चिखल आहे," पलीकडून उत्तर आले. "आम्ही बंगाली. पण नागपूरचे, धंतोलीतले. प्रसादाला काय करून राहिले ते सांगा, मग येतो."

सर आले, आरती खणखणीत आवाजात म्हणाले आणि जाताना मोदकांचा डबा घेऊन गेले. डबा परत द्यायला आले ते स्वतः लिहिलेले पुस्तक घेऊन. बंगालचा प्राचीन इतिहास सांगणारे ते जाडजूड इंग्रजी पुस्तक ह्यांनी कावासाकीच्या ऑफिसला जाता-येता गाडीत वाचून काढले आणि एके दिवशी घरी येऊन म्हणाले, "हे मराठीत आलं पाहिजे. मी करतो." दिवसभर संगणकाच्या भाषा लिहिणाऱ्या माणसाला हे का सुचले, ते मला त्या वेळी कळले नाही.

सरांच्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला सरांच्या घरगुती रूपाबद्दल लिहायला सांगितले होते. सरांना माझ्या हातची ज्वारीची भाकरी आवडते, एवढे लिहून तो विषय मी संपवते. मी बारावी शिकलेली बाई आहे, पण सरांच्या कामाबद्दल मला काही सांगायचे आहे आणि ते मीच सांगितले पाहिजे.

दर रविवारी सकाळी आमच्या वसाहतीच्या सभागृहात सर वाचनवर्ग घेतात. येणारे बहुतेक इंजिनियर आणि संशोधक. मी सुरुवातीला चहा करायला म्हणून जाऊ लागले आणि ऐकता ऐकता तिथेच बसले. पहिल्याच महिन्यात एका उत्साही तरुणाने विचारले, "सर, बंगाली माणूस नेमका किती जुना?"

"कोणता?" सरांनी उलट विचारले. "भात लावणारा, बंगाली बोलणारा, का स्वतःला बंगाली म्हणणारा? तिघांचं वय निरनिराळं आहे बापा. भातवाला सगळ्यांत म्हातारा."

मग त्यांनी फळ्यावर नद्या काढल्या. पुंड्र, राढ, सुह्म, वंग, समतट ही नावे लिहिली आणि सांगितले की ही आधी माणसांची नावे होती, नंतर त्यांच्या मुलखांची झाली. त्या माणसांचे पूर्वज निरनिराळ्या भाषा बोलत आणि त्यांतले कितीतरी शब्द आजच्या बंगालीच्या पोटात आहेत. नद्या पात्र बदलतात, त्यामुळे एके काळी समुद्रापार व्यापार करणारे ताम्रलिप्तीसारखे बंदरही मागे पडते. आपल्या जुन्या धर्मसूत्रांत तर वंगदेशी जाऊन आलेल्याने प्रायश्चित्त घ्यावे असे लिहिले आहे. तेव्हापासून वर्गातले कुणी कोलकात्याला जाऊन आले की सर त्याला उभे करतात. "आले का पाप करून? मग आजचा धडा तुम्ही वाचायचा."

सरांची एक पद्धत आहे. कोणतेही विधान वाचले की ते थांबवतात आणि विचारतात, "हे मातीतलं, पोथीतलं, का मनातलं?" खणून मिळालेले ते मातीतले, कुणी लिहून ठेवलेले ते पोथीतले, आणि उरलेला आपला अंदाज तो मनातला. मनातले वाईट असे ते म्हणत नाहीत. त्यावर तसे लिहून ठेवा, एवढाच त्यांचा आग्रह असतो. इचिकावात शिंपल्यांचे प्राचीन ढीग आहेत. तिथे सहलीला गेलो असताना दोरीचे ठसे असलेली खापरे पाहून एकजण हर्षाने म्हणाला, "अशीच खापरं बंगालमध्येही सापडतात ना सर? म्हणजे नातं निघालं आपलं!" सर म्हणाले, "दोरी कोणालाही वळता येते. नातं तुमच्या मनातलं आहे, तिथंच ठेवा."

भाषांतराचे सहा धडे झाले आणि ह्यांचा आजार निघाला. सातवा धडा सरांच्या सर्वांत गाजलेल्या मताचा होता. दक्षिण बंगालमधल्या एका ढिगाऱ्यात त्यांना अतिशय जुनी खापरे आणि भाताची तुसे वरच्या थरात मिळाली होती. त्यावरून त्या खालच्या, पाणथळ मुलखात कुणाच्या कल्पनेपेक्षा फार आधी गाव वसले होते, असे त्यांनी मांडले होते. हा धडा ह्यांनी इस्पितळात पुरा केला. सर गाडी बदलत रोज यायचे, डॉक्टरांचे बोलणे मला मराठीत सांगायचे आणि मग दोघे एका शब्दावर भांडत बसायचे. "खापर नको हो, खापरी म्हणा." "सर, पुण्यात खापरच म्हणतात." "पुण्यात काहीही म्हणतात!" ह्यांचे हसणे मी शेवटचे ऐकले ते याच भांडणात.

इथे दहनानंतर घरच्यांनी चॉपस्टिक्सने अस्थी उचलून कलशात ठेवायच्या असतात. माझी मुलगी ईशा इथेच वाढलेली, तिने मुकाट्याने सुरुवात केली. माझा हात उठेना. सर शेजारी येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मी जन्मभर हाडं उचलली, पण अशी चांगली रीत पाहिली नाही. आधी पायाची ठेवायची, शेवटी डोक्याची. कलशात माणूस उभा राहतो. श्रीकांतरावांना आपण उभं करू." मी उभे केले. त्या माणसाचे माझ्यावरचे हे ऋण मी कधी फेडू इच्छित नाही.

पुढच्या वर्षी उरलेले धडे वर्गातल्या दोघांनी केले, पुस्तक छपाईला जायला निघाले, आणि एका संध्याकाळी सर माझ्या दारात आले. त्या ढिगाऱ्याच्या शेजारी नव्याने उत्खनन झाले होते आणि त्याचा अहवाल त्यांनी वाचला होता. चहा पुढे ठेवण्याआधीच ते म्हणाले, "सातवा धडा काढावा लागतो वहिनी. माझं चुकलं."

"ह्यांचा धडा?"

"माझा धडा. माझं मत चुकलं."

"अक्षरं ह्यांची आहेत," मी म्हणाले. "इस्पितळात हाताला सुई लावलेली असताना लिहिलेली. ते असताना का नाही चुकलं तुमचं?"

सरांना चहा द्यायची माझी इच्छा नव्हती. ते तसेच उठून गेले आणि त्या रविवारी मी वर्गाला गेले नाही.

त्यानंतरच्या रविवारी वर्ग संपवून सर पुन्हा आले. घरात न येता म्हणाले, "खाली बागेत चला. ईशालाही घ्या." बागेतल्या वाळूच्या हौदाशी चौऱ्याहत्तर वर्षांचे आमचे सर गुडघे टेकून बसले आणि एका मुलाचे प्लॅस्टिकचे फावडे रीतसर मागून घेऊन खणू लागले. भोवतीच्या आया आपापल्या मुलांना हळूच जवळ ओढू लागल्या. ईशा माझ्या कानाशी कुजबुजली, "आई, हाझुकाशी!" म्हणजे लाज वाटते.

"वाटू दे," मी म्हणाले.

वरची वाळू कोरडी, फिकी होती. खालून ओली, काळी वाळू निघाली. ती सरांनी खड्ड्याशेजारी रचून थापली. "बंगालात पुराचं पाणी येतं. म्हणून घर बांधायच्या आधी तळं खणतात, आणि निघालेल्या मातीचं उंच जोतं करून त्यावर घर बांधतात. गावोगाव हेच. आता बघा, काळी वाळू खालची, म्हणजे जुनी. ती कुठं आली?"

"वर," ईशा म्हणाली.

"हो ना! पुष्कळ नंतरच्या कोणीतरी तळं खणलं, तळातली जुनी खापरं मातीसंगं वर आली. मी त्या जोत्यावर उभा राहिलो आणि म्हणालो, हे बघा केवढं प्राचीन गाव! बंगाली असून मला जोतं ओळखू आलं नाही." हातची वाळू झटकत ते माझ्याकडे वळले. "खापरं खरी आहेत, गाव माझ्या मनातलं होतं. तुमची परवानगी नसेल तर पुस्तक थांबवतो. चुकीचं मात्र श्रीकांतरावांच्या नावानं छापणार नाही."

किती वर्षे ज्या मतामुळे त्यांना लोक ओळखत होते, ते मत हा माणूस पोरांच्या हौदात बसून मोडीत होता. माझा राग तिथेच गेला असे मी म्हणणार नाही. पण मी त्या काळ्या ढिगाकडे पाहत राहिले आणि मला काय हवे ते कळले.

"सर, तळ्याची माती ते टाकून देत नाहीत ना?"

"टाकतील कशी? तिच्यावरच तर घर उभं राहते."

"मग धडा काढायचा नाही. आहे तसा छापायचा. वर लिहायचं, हे मत लेखकांनी मागे घेतलं आहे. आणि त्याच्या पुढे नवा धडा, का चुकलं ते सांगणारा."

"माझ्या चुकीची आरास कशाला मांडता वहिनी?"

"उत्खननात सापडलेलं काही फेकायचं नसतं, असं तुम्हीच शिकवता. जिथे सापडलं तिथे नोंद करायची."

सर बराच वेळ हसले. "मला माझ्याच खड्ड्यात उतरवलं तुम्ही. ठीक आहे. पण नव्या धड्याचं मराठी तुम्ही करायचं."

"मला बारावीपुरतं इंग्रजी येतं."

"मग बारावीच्या मुलालाही समजेल असं होईल. बरंच झालं."

सकाळी मी जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात अर्धवेळ काम करते. दुपारी शब्दकोश घेऊन बसू लागले. एकेका वाक्याला दिवस जाई. मी केलेले सर वाचत आणि मधेच थांबून म्हणत, "हे मातीतलं का मनातलं?" मी सांगत असे. शिकलेल्या माणसाशी बोलताना त्यांचा जो आवाज असतो तोच माझ्याशी बोलतानाही असे, आणि माझी चूक झाली तर ती चूक म्हणूनच सांगत. दुःखी बाई म्हणून त्यांनी मला एका शब्दाचीही सूट दिली नाही. त्यांनी माझ्यावर केलेल्या उपकारांत हा मी सर्वांत मोठा धरते. ह्यांना हे काम का करावेसे वाटले होते, ते मला ते करताना कळले: दुसऱ्याचे वाक्य आपल्या भाषेत उभे राहिले की ते आपले होते.

धडा पूर्ण झाला आहे. हा गौरवग्रंथ आपल्या हाती येईल तेव्हा ते पुस्तकही आलेले असेल. सातव्या धड्याखाली ह्यांचे नाव आहे, आठव्याखाली माझे. 'खापर' हा शब्द सातव्यात पुण्याचा राहू दिला आहे. आठव्यात मी सरांच्या म्हणण्याप्रमाणे 'खापरी' केला आहे.

सर, डोळ्यांची शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका आणि सकाळचे फिरणे सोडू नका. तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, असे म्हणते ते मनातले आहे, आणि तुमच्या नियमाप्रमाणे तशी नोंद इथे केली आहे. अजून पुष्कळ खणायचे आहे. वर येईल ते चुकीचे निघाले तरी चिंता करू नका. जोते बांधायला आम्ही आहोत.