कोऱ्या डोक्यांचे बैल

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला मी शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला होतो. बाकीची मुलं थोरांचे अर्धपुतळे करत होती आणि मी हट्टानं एक खेळ मांडला होता. मातीची कोरी डोकी करायची; नाक-डोळे नाहीत, नुसती अंड्यासारखी. गावातली दोन माणसं समोरासमोर बसवायची आणि एकानं दुसऱ्याचं तोंड करायचं. आपण स्वतःला ओळखतो तसं दुसरा आपल्याला ओळखतो का, एवढंच मला बघायचं होतं.

सर म्हणाले होते, "तारीख ठरवून गावात येईन. लोक खेळले तर तुझं काम धरीन. नाहीतर पुढच्या वर्षी परत बस."

पुढचं वर्ष आमच्या घराला झेपणारं नव्हतं. बाबा सेनगावजवळच्या आमच्या गावात मालकाकडं सालगडी होते. त्या मालकानंच शब्द टाकून मला वसतिगृहात जागा मिळवून दिली होती. घरात पहिला शिकणारा मी. नापास होऊन गावात तोंड दाखवायची सोय नव्हती.

मी ग्रामपंचायतीसमोरच्या टिनाच्या शेडात फळ्यांवर डोकी मांडली. लोक जमले.

"पुतळा कुणाचा हाय, पोरा?"

"कुणाचाच न्हाई. तुमचेच."

"आमचे काहून? आमी काय मेलो का?"

हशा पिकला. मी खेळ समजावला, पुन्हा समजावला. शेवटी एक म्हातारी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जित्या माणसाचं मातीचं तोंड करू न्हाई, लेकरा. माती जवळ येते." झालं. तिच्यानंतर मातीला हात लावायला कुणी तयार होईना. मी चिडलो, हात जोडले, स्वतःचं तोंड करून दाखवतो म्हणालो. तर माय अंगावर धावून आली.

दुसऱ्या दिवशी सेनगावला जाऊन कॉलेजात फोन लावला. सरांना सांगायचं होतं, येऊ नका, थोडी मुदत द्या. पलीकडून शिपाई म्हणाला, सर निघाले, उद्या तुमच्याकडं पोचतात. उद्या पोळा होता. तारीख ठरवताना हे कॉलेजात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि शहरात राहून माझ्याही नाही.

जीपमधून परतलो तेव्हा शेडात गर्दी होती. मला वाटलं, लोक खेळून राहिले! जवळ गेलो. माझी डोकी आडवी केली होती. खाली चार पाय, वर वशिंड, पुढं शिंगं. ज्यांच्या घरी बैल नाहीत ते पोळ्याला मातीचे बैल करून पुजतात. आयती मळलेली माती दिसल्यावर बैलवाल्यांनाही राहवलं नव्हतं. आठवडाभर घासून गोल केलेली डोकी! मी खालीच बसलो.

"तोंडं करा म्हणालो होतो ना!"

"तोंडाचं न्हाई जमत," एकजण म्हणाला. "पर तुझा कायदा पाळला बराबर. समोरासमोरच बसलो. मी याचा ढवळ्या केला, यानं माझा पवळ्या केला."

"माझ्या ढवळ्याचा कान फाटलेला हाय. यानं शाबूत केलाय," समोरचा कुरकुरला.

"फाडतो की मग. रडतो काहून?"

कोपऱ्यात मालक आणि बाबा समोरासमोर होते. मालक वैतागलेले. "याच्या घरी बैलच न्हाई. मी याचं काय करू?"

"मालक, तुमी सोडून द्या," बाबा म्हणाले.

"सोडून कसं देऊ? समद्यांचं झालं." ते घुटमळले, मग त्यांनी स्वतःच्याच तांबड्या बैलाचं शिंग वळायला घेतलं. "हाक मी मारली तरी ते बेणं तुझ्याकडंच बघतं. घे, तुझाच." बाबांनीही मालकांसाठी तोच तांबडा केला होता. मग दोघं भांडायला लागले, कुणाचं शिंग खरं. मी डोकं धरून बसलो होतो, तिकडं कुणाचं लक्षही नव्हतं.

सर दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले तेव्हा फळ्या रिकाम्या होत्या. ज्याच्या बैलाचा बैल झाला होता त्यानं तो पूजेला घरी नेला होता.

"मी बघू काय?" सरांनी विचारलं.

मी त्यांना घरोघर फिरवलं. पाटावर बैल, कपाळाला कुंकू, आणि प्रत्येक घरी कुणी केला आणि काय चुकवलं याची तक्रार. प्रत्येक घरी पुरणपोळीही. सर आधी नाही म्हणाले, नंतर नाही म्हणायचंही थांबले.

शेवटी आमच्या घरी आले. पाटावर मालकांनी केलेला तांबडा होता, पाय स्टुलासारखे, एक शिंग आखूड. बाबांनी त्याला झूल घातली होती. सरांनी वाकून तो बघितला, मग माझ्याकडं वळले.

"लोक खेळले, हे खरं. पण यात तुझं काय आहे?"

मी आदली रात्रभर पाठ केलेलं बोलणार होतो. त्याआधीच माय ताटात पोळी वाढत म्हणाली, "माती त्यानं मळलीय की, गुर्जी. समदी त्यानंच."

सरांनी मान हलवली. "बरं. धरलं."

चार वर्षं शिकून मी माती मळून पास झालो. मालकांनी गावभर सांगितलं, पोरगं आमच्या बैलावर पास झालं. बाबांना मी अजून सांगतो, एकदा समोर बसा, तुमचं तोंड करतो. ते म्हणतात, "घाई काय हाय? तांबड्याचं शिंग नीट कर आधी."