मोडलेल्या शपथेचे तीन रोजे

सिंदी रेल्वे या गावी मी दवाखाना टाकला तेव्हा मला अठ्ठाविसावं चालू होतं आणि अक्कल माझ्या वाट्याला इतरांपेक्षा जरा जास्तच आली आहे, अशी माझी पक्की समजूत होती. डॉक्टर झाल्यावर सहा महिने मी एका मनोरुग्णालयात काम केलं होतं. माणसाला बसवून बोलतं केलं की मनाचा आजार सैल होतो, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं होतं. आता ही विद्या कोणावर तरी चालवून बघायची होती.

गिऱ्हाईक मिळालं ते पिंजारी चाचा. कापूस पिंजता पिंजता त्यांच्या छातीत तंतू बसले होते. खोकल्यावर उतारा म्हणून कोणीतरी अफूची गोळी दिली आणि खोकला राहिला बाजूला, गोळीच मानगुटीवर बसली. सकाळी एक, संध्याकाळी एक, मग मध्येही एक. हात थरथरू लागले, पिंजणाच्या धनुकलीची तात धड धरवेना. बायको मुलीला घेऊन नाचणगावला माहेरी निघून गेली. अफू सुटली तरच परत येईन, असा तिचा निरोप होता. चाचा माझ्याकडे आले ते त्यासाठी.

मी दर मंगळवारी दुपारी त्यांना तासभर बसवू लागलो. अफू थोडी थोडी कमी करत औषध म्हणून मीच द्यायचो आणि बाकी वेळ नुसतं बोलायचं. पहिले दोन मंगळवार ते माझ्याकडे संशयाने बघत राहिले. तिसऱ्या मंगळवारी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही मले काऊन बोलवून राह्यले? इथं दवा कमी अन् गोष्टीच जास्त."

पण मग ते बोलू लागले. वारलेल्या थोरल्या मुलाबद्दल बोलले, बाजारात थरथरणारे हात लपवावे लागतात त्याबद्दल बोलले. गोळ्या तीनावरून एकावर आल्या. माझी छाती फुगली.

इथवर ठीक चाललं होतं. घाण केली ती मी. आमच्या वर्धा जिल्ह्यात त्या काळी शपथेचं फार प्रस्थ. दारू सोडायची तर शपथ, सूत कातायचं तर शपथ. शाळेतली पोरंसुद्धा रांगेत उभी राहून शपथ घ्यायची. माझे मास्तर असलेले वडील तर शपथ हेच औषध मानायचे. चाचांची बायको भावाला घेऊन चौकशीला आली आणि म्हणाली, "याचा भरवसा काय?" तेव्हा मी लगेच तोडगा काढला. हिंदू गंगाजळ हातात घेतो, तसं यांनी कुराणावर हात ठेवून सांगावं की आजपासून बंद. राहिलेली एक गोळीही बंद.

ती हिरव्या कपड्यात गुंडाळलेलं कुराण घेऊन आली. चाचांनी दवाखान्याच्या नळावर हात-तोंड-पाय धुऊन वजू केलं. त्यांचा चेहरा उतरला होता, पण मला तो गंभीर वाटला. त्यांनी कसम घेतली. बायको मुलीसह घरी परतली आणि मी त्या दिवशी दोन वेळा आंघोळ केल्यासारखा प्रसन्न होतो.

नवव्या दिवशी त्यांनी गोळी खाल्ली.

हे मला नंतर कळलं. मंगळवारी ते आले नाहीत, पुढच्याही मंगळवारी नाहीत. मी चिडलो. माणूसच कच्चा निघाला, असं चारचौघांत बोलूनही मोकळा झालो. मग एक दिवस त्यांची बायको आली. बसायला सांगितलं तरी बसली नाही.

"मशिदीत जात नाई, घरात जेवत नाई," ती म्हणाली. "कुराण ठेवलेल्या कोनाड्याकडं पाहत नाई. म्हणते, आता मी अल्लाहचाही नाई राह्यलो अन् डॉक्टरचाही नाई. दुप्पट खाते. काल व्हट निळे पडले त्याचे. मरून जाईल तो, साहेब."

निळे ओठ म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. अशी आणखी एखादी रात्र गेली असती तर श्वास थांबला असता. मला पहिल्यांदाच स्वतःची भीती वाटली.

मी मशिदीतल्या मौलवीसाहेबांकडे गेलो. ते साठीचे होते, सकाळी मुलांना शिकवायचे. दुपारची नमाज आटोपून ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "कसम तुम्ही घ्यायले लावली?"

"हो."

"अन् मोडली तर काय कराचं, ते सांगितलं?"

"मोडायचीच नव्हती ना."

"डॉक्टरसाहेब, तुम्ही बीमाराकडून अशी गोष्ट मागितली जी अच्छाखासा माणूस देऊ शकत नाई." ते रागावले नव्हते, म्हणूनच मला जास्त लागलं. "आमच्यात मोडलेल्या कसमेचा कफ्फारा असते. दहा गरिबांले जेवू घाला, नाई जमत तर तीन रोजे ठेवा. वापस येण्याचा रस्ता सांगितलेला आहे. चला, त्याले सांगू."

चाचा घरामागच्या कापसाच्या ढिगाआड भिंतीकडे तोंड करून पडले होते. आम्हाला बघून ते उठले नाहीत. मौलवीसाहेब खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी कफ्फाऱ्याचं सांगितलं. चाचांनी भिंतीकडचं तोंड आमच्याकडे वळवलं. मग म्हणाले, "दहा जणांले खाऊ घालाची माही ताकद नाई. उद्यापासून रोजे ठेवतो."

"नाही," मी घाईने म्हणालो. "या अवस्थेत दिवसभर पाणीही नाही म्हणजे जीवावर बेतेल. अफूही एकदम तोडता यायची नाही. पुन्हा थोडी थोडीच कमी करावी लागेल."

आता मौलवी माझ्यावर उखडणार, असं मला वाटलं. त्यांनी थोडा विचार केला. "औषध म्हणून, डॉक्टरच्या हातानं, अन् कमी होत जाणारी? मंग घे," ते चाचांना म्हणाले. "बीमाराले रोजा माफ आहे, बरा झाल्यावर ठेवजो. कवा ठेवायचा ते हे डॉक्टर सांगतीन." निघताना उंबऱ्यावर थांबून ते पुन्हा बोलले, "गुनाह अल्लाहले सांग. बीमारी डॉक्टरले सांग. दोघांची गल्लत नको करू."

ते वाक्य खरं तर माझ्यासाठीच होतं. त्यानंतर मंगळवारी मी फौजदारासारखं "खाल्ली का?" विचारणं सोडलं. चाचाच येऊन विचारायचे, "आता रोजा जमंल काय?" मी नाडी बघायचो, जीभ बघायचो, म्हणायचो, अजून नाही. बरं व्हायची अशी घाई मी त्याआधी कुठल्याच रोग्यात पाहिली नव्हती. थंडीत, दिवस लहान झाले आणि शेवटची गोळीही सुटली, तेव्हा मी हो म्हटलं. तीन दिवस त्यांनी रोजे ठेवले आणि तिसऱ्या संध्याकाळी बायकोने मलाही खजूर आणि भजी खायला बोलावलं. चाचांनी माझ्या हातावर खजूर ठेवला तेव्हा त्यांची बोटं स्थिर होती.

इथे थांबलो तर मीच शहाणा ठरेन, म्हणून पुढचं सांगतो. वर्षभराने एका सकाळी दवाखाना उघडायला गेलो तर चाचा पायरीवर बसलेले. डोळे लाल होते. बायको शेजारी उभी होती.

"डॉक्टरसाहेब, काल रात्री खोकला लई होता. खाल्ली."

माझ्या कपाळाची शीर उडाली. तोंडाशी आलेलं बोलणं मी कसंबसं गिळलं. "मौलवीसाहेबांकडे गेला होतात?"

"दुपारी जाईन," ते म्हणाले. "अगुदर बीमारी सांगाले आलो."

मागच्या वेळी हाच माणूस माझ्यापासून तोंड लपवून मरायला निघाला होता. आज दार उघडायच्या आत येऊन बसला होता. मला रडू आलं. ते त्या दोघांनी पाहिलं आणि मीही लपवलं नाही. मग मी कुलूप काढलं आणि त्यांना आधी आत घेतलं.